बाबांचा एकच कप

"या गोळ्यांत कॅफीन असतं, माहितीये ना तुम्हाला?" औषधांच्या दुकानातल्या ताईंनी मला विचारलं होतं. मी ठकीच्या नाकात घालायचे थेंब घ्यायला गेले होते आणि जाता जाता बाबांच्या डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टीही मागितली होती. ठकी, म्हणजे माझी लेक, कडेवर होती आणि काउंटरवरची बरणी ओढायच्या खटपटीत होती. "तुमचे वडील वरचेवर नेतात, म्हणून म्हटलं. एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला."

मी हसले. "ताई, माझे बाबा कॉफी चाखायची नोकरी करतात. त्यांना कॅफीनची भीती घालणं म्हणजे माशाला पाण्याची भीती घातल्यासारखं आहे."

त्याही हसल्या, पण पट्टी पुडीत घालताना म्हणाल्या, "तरी सांगा." मी हो म्हटलं आणि दुकानाची पायरी उतरेपर्यंत विसरलेसुद्धा.

खरं तर मी विसरणारी बाई नाही. घरात मला 'ठाणेदारीण' म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. ठकी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून मी श्वास लागतोय का ते बघते. खिडकीच्या गजांतून तिचं डोकं जाईल का, हे मी तेवढाच चेंडू लावून तपासलं आहे. नवरा म्हणतो, हिच्या हाती दिलं तर ही चंद्रालाही कठडा बसवेल. स्वतःची कॉफी तर मी केव्हाच आवरती घेतली होती. ठकी अंगावर पिते, आणि मी दुपारी कॉफी घेतली की ती संध्याकाळभर घुबडासारखे डोळे करून बसते हे लक्षात आल्यापासून मी सकाळच्या अर्ध्या कपावर आले होते. तोही ठकीच्या बाटलीवरच्या रेघांनी मापलेला. म्हणजे कॅफीन माणसाचं काय करतं हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बाबांशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात जोडलाच गेला नाही, कारण बाबा मुळात कॉफी पीतच नव्हते.

म्हणजे, एक कप पीत. सकाळी, आईच्या हातचा, भरपूर दूध घातलेला. बाकी दिवसभर ते कॉफी चाखत.

हा फरक मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले होते. शाळेत बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमचे वडील काय करतात. मी उभी राहून सांगितलं, "माझे बाबा कॉफी थुंकतात." बाईंना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यांदा. आईला शाळेत जाऊन खुलासा करावा लागला.

पण ते खरंच होतं. त्यांच्या कंपनीच्या जुन्या जागेत मागच्या बाजूला एक खोली होती. मधोमध गोल टेबल, त्यावर छोट्या वाट्यांची रांग. भाजून जाडसर दळलेली कॉफी वाटीत घालून वर कढत पाणी ओतायचं. थोड्या वेळाने वर जो जाड थर धरतो तो चमच्याने मोडायचा आणि नाक जवळजवळ वाटीतच घालून वास घ्यायचा. मग चमचाभर कॉफी अशी जोरात भुरकायची की ती जिभेभर फवाऱ्यासारखी उडाली पाहिजे. क्षणभर तोंडात धरायची, आणि मान डावीकडे वळवून थुंकायची. डावीकडे, कंबरेएवढ्या उंचीची पत्र्याची पिकदाणी. बाबा तिच्याकडे बघतसुद्धा नसत. एक बारीक सरळ धार जायची आणि थेट आत पडायची. लहानपणी मला त्यांच्या जिभेपेक्षा त्या नेमाचाच जास्त अभिमान होता. कंपनीत त्यांना 'जीभसाहेब' म्हणत.

म्हणून कोणी सहज म्हणालं, की काय बुवा, मजा आहे, दिवसभर कॉफी पिता, तर बाबांना ते लागायचं. "चाखणं म्हणजे पिणं नव्हे," ते म्हणत. "सोनार काय सोनं खातो?"

घरीही ते सगळं भुरकतच. सूप, दूध, खोकल्याचं औषध. माझा नवरा लग्नाआधी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा बाबांनी सुपाचा असा भुरका मारला, की त्याच्या हातातला चमचा ताटात पडला. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, "मिरी जरा जुनी आहे." आई म्हणाली, "माणूसही जुनाच आहे. जेवा."

आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी बाबांचं डोकं दुखे. दर आठवड्याला, न चुकता. पडदे ओढून ते आडवे होत, आई आल्यागेल्याला गप्प करी, मग ते गोळी घेत आणि थोड्या वेळाने हसत बाहेर येत. याचं कारण आम्हा सगळ्यांना पाठ होतं. बाबांना कामाशिवाय चैन पडत नाही. पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने सांगायचो.

ठकी झाली आणि बाबा पूर्वी कोणाचे झाले नव्हते इतके तिचे झाले. ते आमच्याच इमारतीत, एक मजला वर राहतात. माझी रजा संपून मी ग्रंथालयात परत रुजू झाले तेव्हा ठरलं, की दुपारनंतर ठकी आजोबांची. तेही कामावरून लवकर सुटू लागले होते. तिला छातीवर टाकून ते कंपनीतल्या भानगडी सांगत आणि ती त्यांच्या शर्टाचं बटण चोखत ऐकून घेई.

एक दिवस मी परत आले तर दोघंही जिन्यात. बाबा पायरीवर बसलेले, ठकी मांडीत घट्ट धरलेली, आणि बाबांचं कपाळ घामाने भिजलेलं.

"काय झालं?"

"काही नाही. आम्ही जरा जिना बघत होतो."

"बाबा."

"तुझ्या लेकीचं वजन वाढलंय, ठाणेदारीण. आधी तिच्यावर गुन्हा नोंदव."

मी ठकीला काढून घेतलं आणि दुसरा हात त्यांच्या छातीवर ठेवला. ठोके नुसते धावत होते. मध्येच एखादा ठोका पायरी चुकल्यासारखा गायब व्हायचा आणि पुढचा दणकन आपटायचा. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं ते आता काहीतरी चेष्टा करतील.

"हिला काही दिवस माझ्याकडे देऊ नकोस," ते म्हणाले. "आज चक्कर आली तेव्हा कठडा सापडला म्हणून बरं."

त्यात चेष्टा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच बाबा माझ्याशी विनाचेष्टेचं एक अख्खं वाक्य बोलले होते.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो, ठकीला नवऱ्याकडे ठेवून. त्यांनी छातीला तारा लावून कागदावर आलेख काढला, रक्तदाब दोनदा घेतला, दोन्हीदा भुवया वर केल्या. मग प्रश्न.

"काम काय करता?"

"कॉफीच्या कंपनीत आहे."

"ताण असतो?"

"बायको माझ्याबरोबर कामावर येत नाही," बाबा म्हणाले. आईने त्यांना कोपराने ढोसलं.

"तंबाखू?"

"जिभेचा धंदा आहे, बाई. तंबाखूला हात लावला तर उपाशी मरेन."

"दारू?"

"नाही."

"दुसरी काही औषधं?"

"नाही. डोकं दुखलं तर एखादी साधी गोळी."

"चहा-कॉफी?"

"एक कप. सकाळी."

आईने मान हलवली. मीही हलवली. आणि आम्ही तिघंही अगदी खरं बोललो होतो.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबासाठी एक छोटी गोळी दिली. अधूनमधून जादा ठोके पडताहेत, म्हणाल्या, दिवसभर छातीला चिकटवून ठेवायचं यंत्र लावून बघू, आणि असंच राहिलं तर ठोके आवरणारं औषध सुरू करू. "तोवर बाळाला घेऊन जिने चढू-उतरू नका."

"नाही चढणार," बाबा म्हणाले. परत येताना रस्ताभर ते आईच्या मागून चालत होते. एरवी ते कायम चार पावलं पुढे असतात आणि आई त्यावरून कुरकुरते. त्या दिवशी तीही कुरकुरली नाही.

यंत्र छातीला लावून बाबा कामावर गेले, आणि ती छोटी गोळी टेबलावर राहिली. माझी सुट्टी होती. ठकीला पोटाशी बांधलं आणि निघाले.

कंपनी नव्या जागेत गेल्यापासून मी तिथे पाय ठेवला नव्हता. मागची खोली आता पुढे आली होती, रस्त्यालगत, चारी बाजूंनी काच. तेच गोल टेबल, त्याच वाट्या, पण भोवती उंच स्टुलं आणि स्टुलांवर पाहुणे. कॉफीची दुकानं चालवणारे लोक, मोबाइल उगारून बसलेले. आणि मधोमध बाबा, स्वच्छ पांढऱ्या एप्रनात, हातात स्वतःचा चमचा. मी काचेबाहेरच थांबले. आवाज येत नव्हता, पण पाहुणे दचकून हसले त्यावरून भुरका झाला हे कळलं. बाबांनी डोळे मिटले. त्यांची मान डावीकडे वळली.

डावीकडे एका कुंडीत हिरवंगार झाड होतं.

मान पुन्हा सरळ झाली आणि त्यांच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली. पुढची वाटी. भुरका. मान डावीकडे, झाड, मान सरळ, घाटी. पुढची वाटी. ते टेबलाभोवती फिरत होते आणि मी काचेला चिकटून त्यांच्या गळ्याकडे बघत होते. ठकीने काचेवर जीभ लावली होती. एरवी मी किंचाळले असते.

एक फेरी संपली आणि बाबा पुन्हा पहिल्या वाटीपाशी आले. तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी आमच्याकडे चमचा हलवला आणि पाहुण्यांना बहुतेक सांगितलं, ती माझी नात. सगळ्यांनी माना वळवल्या. मग त्यांनी भुरकलं, आणि गिळलं.

तिथे मी नुसती गोळी दिली, ती त्यांनी माझ्यासमोर घेतली. पण दुपारी ते घरी आले तेव्हा मी वरच, आईच्या स्वयंपाकघरात बसून होते.

"बाबा, पिकदाणी कुठे गेली?"

"कुठली?"

"डावीकडची."

"ती होय." त्यांनी बूट काढायला नको इतका वेळ लावला. "जागा बदलली तेव्हाच गेली. असेल कुठेतरी खालच्या कोठारात."

"का गेली?"

"अगं, आता पाहुणे बसतात ना. पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या होत्या. मी थुंकलो तर 'शी' म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण माझे कान जिभेइतकेच चांगले आहेत." ते हसले. "साहेबांनी मग कागदी पेले दिले, झाकणाचे. त्यात थुंकायचं म्हणजे दात घासणारं पोर वाटतं. म्हटलं जाऊ दे. चमचाभर तर असते."

आई ओट्यापाशी होती. ती वळली. "म्हणजे तुम्ही गिळता?"

"चाखतो. फक्त थुंकत नाही."

"अहो, चाखून थुंकत नाहीत, त्याला काय म्हणतात?"

बाबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी ठकीकडे पाहिलं.

"बरं, पण चमचाभरच," ते म्हणाले.

मी एक पातेलं पाण्याने भरून टेबलावर ठेवलं आणि बाजूला त्यांचा सकाळचा कप. "तुमचा चमचा काढा. आज सकाळी केलंत तसंच करा. जितक्यांदा गिळलंत तितक्यांदा कपात ओता."

"हा कसला खेळ?"

"ठकीला बघायचंय."

ठकीचं नाव काढलं की बाबा काहीही करतात. त्यांनी खिशातून चमचा काढला, एप्रन नसूनही असल्यासारखी छाती पुढे काढली आणि सुरुवात केली. पहिली वाटी, चमचा. दुसरी, चमचा. प्रत्येक चमच्याला तोंडाने भुरक्याचा आवाज, ठकीसाठी. ती टाळ्या पिटत होती. पहिली फेरी संपायच्या आधीच कप भरला. आईने दुसरा दिला. तो भरला. तिसऱ्यानंतर रोजचे कप संपले, आणि आईने कपाटातून पाहुण्यांचा संच काढला, जो माझ्या आठवणीत कधीच कारणाशिवाय निघाला नाही.

"ही दुसरी फेरी," बाबा म्हणाले. "गार झाल्यावर चव बदलते, म्हणून पुन्हा घ्यायची."

"आणि एखादी वाटी पटली नाही तर?" मी विचारलं.

"तर परत चाखायची."

"पटत नाहीत अशा किती असतात?"

"मी जीभसाहेब आहे, बाई. मला सहजासहजी काही पटत नाही."

ते हसत होते, पण हात मंदावला होता. टेबलावर आता कप मांडायला जागा शोधावी लागत होती. पाहुण्यांच्या संचातल्या सोनेरी काठाच्या एका कपाशी येऊन ते थांबले. चमचा हवेतच.

"अजून आहे?" आईने विचारलं.

"ही सकाळची झाली," बाबा हळू म्हणाले. "जेवणाआधी आणखी एक रांग असते."

आईने फडकं घेतलं आणि कपांच्या मधली जागा पुसू लागली. तिथे काही सांडलं नव्हतं. "आणि त्यावर सकाळचा मी देते," ती म्हणाली. "तुम्हाला पांचट आवडत नाही म्हणून चमचाभर जास्तच टाकते."

तेव्हा मला औषधांच्या दुकानातल्या ताई आठवल्या. आतल्या खोलीतून डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि मागची बारीक अक्षरं खिडकीपाशी धरून वाचली. दुखणं घालवणाऱ्या औषधाच्या जोडीला, खाली, कॅफीन. मी ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच सुट्टीचं सगळं कोडं उलगडलं. सुट्टीच्या दिवशी काम नाही. काम नाही म्हणजे चाखणं नाही. रोज पोटात जाणारं एकदम बंद झालं की डोकं ठणकणार. मग गोळी. गोळीतून तेच परत अंगात, आणि बाबा हसत बाहेर.

"म्हणजे मला कामाशिवाय चैन पडत नाही, ते हे?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं ते स्वतःला कामसू समजत होते.

डॉक्टरीणबाईंसमोर दुसऱ्यांदा बसताना ते शाळेतल्या मुलासारखे ताठ होते. सगळं सांगितलं त्यांनी, पिकदाणी, काच, 'शी', गोळी, पाहुण्यांच्या कपांचा संच. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, चहा-कॉफी किती?"

"तुम्ही पिण्याबद्दल विचारलंत."

त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग नीट समजावलं. कॉफी सगळ्यांचं असं करत नाही. दिवसातून दोन-तीन कप कित्येकांना काही न होता पचतात. पण एवढी, रोज, या वयात, वर रक्तदाब, वर गोळीतलं आणखी, म्हणजे फारच झालं. झोप किती लागते, असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी खाली पाहिलं. "सगळं याच्यामुळेच आहे असं मी आज म्हणणार नाही. बाकीच्या तपासण्या करायच्याच. पण ठोके आवरायचं औषध देण्याआधी हे कमी करून बघू. आणि एकदम बंद करू नका, डोकं उठेल. हळूहळू. त्या गोळ्याही आता नकोत, साध्या लिहून देते."

"चाखायचं सोडू?"

"थुंका ना पूर्वीसारखं. थोडं पोटात जाईलच, पण थोडंच."

खरी अडचण तिथेच सुरू झाली. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की पाहुण्यांसमोर ते थुंकणार नाहीत. हवं तर नोकरी सोडतील.

"सोडून काय करणार?" आई म्हणाली.

"बसेन."

"माझ्या डोक्यावर?"

"बाबा, तुम्हाला ठकीला घ्यायचंय की नाही?" मी म्हटलं. मला तसं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. "हे नको विचारूस," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या खोलीत सगळे माझ्यापेक्षा तरुण आहेत. मला तिथे जीभसाहेब म्हणून ठेवलंय. थुंकणारा म्हातारा म्हणून नाही ठेवणार. एकदा 'शी' ऐकलं ना, की पुढच्या वेळी तोंडात घोट असतो आणि कान त्या 'शी'ची वाट बघत असतात. चवच लागत नाही मग."

माझ्या सगळ्या काळज्यांत ही काळजी कुठे बसतच नव्हती. उत्तर आईने दिलं, आणि तेही भांडी लावता लावता.

"मी येते उद्या. बघू कोण शी म्हणतं ते."

"तू?"

"पाहुणी म्हणून. मला कोणी कधी बोलावलंच नाही."

आई त्या खोलीत आयुष्यात गेली नव्हती. बाबांच्या कॉफीबद्दल तिचं मत एवढंच होतं, की कपड्यांना वास लागतो. पण दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतल्या चपला घालून निघाली, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागोमाग. बाबांनी कोठारातून पिकदाणी आणवली होती. पोचे आलेली, काचेच्या त्या चकाचक खोलीत एखाद्या गावाकडच्या आजोबासारखी उभी. झाड सरकवून तिला जागा केली होती. साहेब दारात हाताची घडी घालून उभे होते. आई पाहुण्यांत सगळ्यात पुढच्या स्टुलावर चढून बसली, पाय अधांतरी.

बाबांनी थर मोडला, वास घेतला, भुरकलं. मान डावीकडे वळवली आणि तशीच राहिले. गाल फुगलेले, डोळे पिकदाणीवर. घाटी हलायच्या बेतात होती; या वेळी मी काचेच्या आत होते, मला ती स्पष्ट दिसत होती.

"मला द्या हो जरा चमचा," आई म्हणाली.

तिने एका मोकळ्या चमच्याने वाटीतली कॉफी घेतली, नवऱ्याकडे इतकी वर्षं बघून शिकलेला भुरका मारला, तोंड वेंगाडलं, स्टुलावरून उतरली आणि पिकदाणीवर वाकून थुंकली. नेम पार चुकला. अर्धी कॉफी तिच्या ठेवणीतल्या चपलांवर.

मग एक पाहुणा खो खो हसला, आणि दुसरी एक मुलगी म्हणाली, "मी करून बघू का?" बाबांच्या तोंडात अजून तो घोट होता. त्यांनी आईला हाताने बाजूला केलं, पिकदाणीकडे न बघता मान कलती केली, आणि ती बारीक सरळ धार गेली.

"असं," ते पाहुण्यांना म्हणाले. "जो गिळतो त्याला शेवटच्या वाटीपर्यंत काही कळत नाही. लिहून घ्या." आणि आईला, हळू, "चपला कशाला घालून आलीस चांगल्या?"

"तुमचा नेम माहीत होता. माझा नव्हता."

आता पाहुणे आले की थुंकायची स्पर्धा लागते म्हणे. साहेबांनी पिकदाणीला पॉलिश करायला सांगितलं, बाबांनी ते होऊ दिलं नाही.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. डोकं दुखलं, बाबा वर्तमानपत्राशीही भांडले, आईने त्यांना एकदा जिन्यात नेऊन बसवलं आणि सांगितलं, माणसात आलात की वर या. आईचा सकाळचा कप हळूहळू फिका होत गेला आणि बाबा रोज त्याचा भुरका मारून सांगत, "आज पाण्याचं पीक चांगलं आलंय." पण झोप लागू लागली. रक्तदाब खाली आला. दुसऱ्यांदा यंत्र लावलं तेव्हा जादा ठोके बरेच कमी होते. गेले नाहीत सगळे. डॉक्टरीणबाई म्हणतात, उरलेले आपण बघत राहू, आणि बघत राहायला घरात मी आहेच. दुपारनंतर ठकी पुन्हा आजोबांची झाली आहे. जिना मात्र तिला घेऊन आजी चढते, आणि आजोबा मागून सूचना देतात.

आता तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या घरात, शेजारी, कामावर 'मी कुठे पितो' म्हणणारं कोणी असेल. परीक्षेसाठी जागायला डब्यातलं ते थंड गोड पेय रिचवणारी भाची, रात्रपाळीला जागायला बरणीभर काळा चहा नेणारा दीर, सुट्टी आली की डोकं धरून बसणारी मावशी. त्यांना किती कप, असं विचारू नका. ते खरं सांगतील आणि तुमचं समाधान होईल. एक दिवस त्यांच्याजवळ जाऊन बसा. हातात काय असतं, तोंडात काय जातं, गोळीच्या पट्टीमागे काय लिहिलंय, ते बघा. ठोके अडखळतात का, धाप लागते का, रात्री डोळा लागतो का, ते विचारा, आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत न्या. माणसं खोटं बोलत नसतात हो. त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. ज्याचं नाव हे वाचताना तुमच्या मनात आलं, त्याच्याकडे आज जाऊन या.